वर्गणीच्या पैशातून रहस्यकथा?

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एक वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे काय, चार लोखंडी कपाटं, एक रजिस्टर आणि रविवारी सकाळी दहा ते बारा किल्ली घेऊन बसणारा कोणीतरी, जो बहुतेक वेळा मीच असतो. दर एप्रिलमध्ये शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आधी थोडी नवी पुस्तकं घ्यायची पद्धत आहे, बजेट आठ हजार. यंदाच्या मीटिंगमध्ये बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी साधं म्हटलं की मे महिन्यात गावी जाताना न्यायला हलक्याफुलक्या कादंबऱ्या घ्या, रहस्यकथा, विनोदी, प्रेमाच्या, कसल्याही पण मजा येईल अशा, कारण गेल्या वर्षी घेतलेली पुस्तकं वाचून मला एकतर झोप आली नाहीतर रडू आलं. झालं! एक निवृत्त सर आहेत, ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "वर्गणीच्या पैशातून असला कचरा घ्यायचा? भाषेला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण कपाटात खून-मारामाऱ्या भरणार?" त्यावर आयटीतला एक मुलगा म्हणाला, "काका, लोकं वाचतायत हेच खूप झालं, काहीही वाचू दे ना." मग वडापाव आला (या वादात कोणीतरी वडापाव आणतोच, रोज वडापाव खाल का वगैरे), मग मोबाईल, मग रील्स, मग कसं कोण जाणे पण पार्किंग आलं, आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

मी त्या दिवशी गप्प बसलो, नंतर आठवडाभर मनात भांडत राहिलो. मला दोघांचंही पटलेलं नाही. गंमत बघा, सर आणि तो मुलगा भांडत होते खरे पण दोघांचं मूळ मत एकच होतं की मजेची कादंबरी म्हणजे फालतू माल. सरांचं म्हणणं फालतू आहे म्हणून घेऊ नका, मुलाचं म्हणणं असू दे फालतू, चालतंय. ती फालतू आहे हे कुठे ठरलं आणि कोणी ठरवलं, हे कोणीच विचारलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: सुट्टीत वाचायला चांगली हलकी कादंबरी शोधणं हे जड पुस्तक निवडण्याइतकंच, खरं तर त्याहून कठीण काम आहे, ते नीट मन लावून करावं, आणि आमच्या वर्गणीच्याच काय, सरकारी अनुदानाच्या पैशातूनही ती बिनधास्त घ्यावी.

घोळ शब्दापासून सुरू होतो. 'हलकं' या आपल्या शब्दाला दोन तोंडं आहेत. हलक्या प्रतीचा तांदूळ, हलक्या कानाचा माणूस, आणि हलकट तर आहेच. पण नर्सचा हात हलका असला तर आपण रांगेत थांबून तिच्याचकडून इंजेक्शन घेतो, आजारातून उठलेल्याला हलकं खायला देतो, आणि मनसोक्त रडून झालं की हलकं वाटतं. पोळी हलकी व्हायला कणीक जास्त मळावी लागते, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी पोळ्या केल्यात त्याला कळतं, ज्याने फक्त खाल्ल्यात त्याला वाटतं पीठच हलकं होतं. पुस्तकांचं तेच झालंय. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवायचे, बौद्ध वाङ्मयाचा खरा अभ्यास असलेला माणूस, आणि त्याच माणसाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ लिहिले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटतो तो ज्यांनी ना पाली वाचलंय ना चिमणराव त्यांना, असं माझं एक जरा वाईट निरीक्षण आहे.

आता सरांचा अभिजातचा मुद्दा. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आनंदाची गोष्ट आहे, आम्हीही पेढे वाटले. पण त्यासाठी रंगनाथ पठारे समितीने भाषेच्या प्राचीनतेचे जे पुरावे मांडले त्यात एक मोठा पुरावा होता गाथासप्तशती. सातवाहन राजा हाल याने जमवलेला प्राकृत कवितांचा तो संग्रह काही तत्त्वज्ञानाचा ग्रंथ नाहीये. त्यात शेतात भेटणारी जोडपी आहेत, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायका आहेत, गोदावरीकाठचे चोरटे संकेत आहेत, सासूच्या नजरेतून निसटणारी सून आहे. थोडक्यात, गावच्या पारावर डोळे मिचकावत सांगायच्या गोष्टी आहेत. आणि त्याच संग्रहाच्या सुरुवातीला एक गाथा आहे, तिचा अर्थ असा की प्राकृत काव्याचं अमृत ज्यांना वाचता-ऐकता येत नाही ते प्रेमाच्या शास्त्रावर चर्चा कशाला करतात, त्यांना लाज कशी वाटत नाही! म्हणजे हा वाद तेव्हाही होता आणि तेव्हाचा कवी कोणाच्या बाजूने होता हे स्पष्ट आहे. अभिजात म्हणून जे आपण मिरवतो ते एकेकाळी मजेसाठीच ऐकलं जायचं, तर मग आजची मजा त्याच भाषेत शोधणारी बाई अपराधी कशी?

'कादंबरी' या शब्दाकडेच बघा. तो आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ग्रंथावरून घेतला, त्यातल्या नायिकेचं नाव सगळ्या प्रकारालाच दिलं. पण संस्कृतात कादंबरी म्हणजे दारू असाही अर्थ आहे. बाणभट्ट ग्रंथ अर्धवट सोडून गेला, तो त्याच्या मुलाने पुरा केला आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला हीच कोटी केली की या कादंबरीच्या रसाने सगळे लोक झिंगलेत, कोणाला कसलं भान नाही. इंग्रजीत या प्रकाराला 'नवं काहीतरी' अशा अर्थाचं नाव पडलं, आपण नशेचं नाव दिलं आणि वर दीडशे वर्षं वाचकाला शुद्धीवर राहा म्हणून दटावतोय.

मराठी कादंबरीचा इतिहास सरांच्या बाजूने सुरू होतो हे मात्र मान्य करायला हवं. १८५७ मधलं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' ही पहिली मराठी कादंबरी धरतात, आणि नावात पर्यटन असलं, नवराबायको फिरायला निघालेले असले तरी ते पुस्तक म्हणजे विधवांच्या हालांचा पाढा आहे, सोबत धर्मोपदेश. मजा वगैरे काही नाही. पण चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, तिच्यात संकटं, दुष्ट माणसं, अद्भुत योगायोग, सगळा मसाला. म्हणजे जन्मापासूनच दोन्ही धारा शेजारी शेजारी वाहतायत आणि वाचक दोन्हीकडे हात धुतोय. पुढे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यात कलेसाठी कला की जीवनासाठी कला असा वाद रंगला, लेख लिहिले गेले, भाषणं झाली, पण घरोघरी काय चाललं होतं? एकाच लायब्ररीतून एकाच आठवड्यात एकच बाई दोघांची पुस्तकं आणत होती, एक दुपारी वाचत होती आणि दुसरं रात्री.

आणि ज्या माणसाला आपण मराठी सामाजिक कादंबरीचा बाप म्हणतो त्या हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं? 'करमणूक'. त्याच करमणुकीत 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येत होती. यमूचं केशवपन, त्या काळाला हादरवून टाकणारी गोष्ट, आणि ती लोकांनी वाचली ती दर आठवड्याला पुढे काय होणार या उत्सुकतेने, करमणूक नावाच्या अंकात. तसंच दिवाळी अंकाचं. जगात असं काही नाही म्हणून आपण छाती फुगवतो त्या परंपरेचा पहिला अंक १९०९ मध्ये का. र. मित्रांनी काढला, मासिकाचं नाव 'मनोरंजन'. फराळ करून गादीवर लोळत, सुट्टीत, घरात पाहुणे असताना, चकली खात वाचायची गोष्ट. आपल्या साहित्यातल्या दोन मोठ्या घटना, एकीचं नाव करमणूक आणि दुसरीचं मनोरंजन, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे दोन शब्द शिवीसारखे वापरले जातात!

वर्गणीच्या पैशाचा वादही नवा नाही. बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय उभं राहत होतं तेव्हा १८५२ च्या सुमाराला हेच भांडण झालं. एडवर्ड एव्हरेट, हार्वर्डचे माजी अध्यक्ष, त्यांना विद्वानांच्या उपयोगाचं, बसून अभ्यास करायचं ग्रंथालय हवं होतं. जॉर्ज टिकनॉर म्हणाले नाही, लोकांना आवडणारी चालू पुस्तकं घ्या, आणि एक-एक नको, मागणी असेल तितक्या प्रती घ्या, म्हणजे ज्या वेळी सगळे त्या पुस्तकाबद्दल बोलतायत त्याच वेळी सगळ्यांना ते मिळेल. हे टिकनॉर कोण? स्पॅनिश साहित्याचा तीन खंडांचा इतिहास लिहिलेले प्राध्यापक. त्यांची अटकळ अशी होती की आधी वाचायची सवय लागेल, मग चव सुधारेल. नंतर त्याच शतकात अमेरिकेत उन्हाळी सुट्टीच्या कादंबऱ्यांचा धंदा जोरात सुरू झाला तेव्हा ब्रुकलिनचे गाजलेले धर्मोपदेशक टॅल्मेज प्रवचनात सांगायला लागले की जुलै-ऑगस्टमध्ये शिकलेसवरलेले लोक जेवढा कचरा वाचतात तेवढा उरलेल्या दहा महिन्यांत मिळून वाचत नाहीत. कचरा! शब्दसुद्धा तोच. आमच्या सरांना हे सांगितलं तर त्यांना आनंद होईल की वाईट वाटेल, माहिती नाही.

टिकनॉरचा तो शिडीचा मुद्दा मात्र मला अर्धाच पटतो. आज रहस्यकथा, उद्या सामाजिक, परवा ज्ञानपीठवाले, असा माणूस पायऱ्या चढत जातो हे ऐकायला छान वाटतं पण त्यात हलक्या कादंबरीला पायरीच ठरवलंय, पाय ठेवायचा आणि पुढे जायचं. माझी आई सत्तरीत आहे, तिने मृत्युंजय वाचलंय, पेंडसे वाचलेत, आणि अजूनही ती बाबा कदम पुन्हा पुन्हा वाचते. ती शिडीवरून खाली पडलेली नाहीये. कोल्हापूरचे बाबा कदम पेशाने सरकारी वकील, त्यामुळे त्यांच्या गोष्टीत कोर्टकचेरी आली की ती ऐकीव वाटत नाही, ही गोष्ट तिला आवडते आणि ती बरोबर ओळखते. हे चांगलं वाचणंच झालं की.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो मीटिंगमध्ये कोणी नीट मांडलाच नाही म्हणून मीच मांडतो. नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षात सलग रिकामे दिवस मिळतात किती? आठ, फार तर दहा. बाकीचं वर्ष तो थकलेला असतो, रात्री दोन पानं वाचून झोपतो. मग ज्या जाड, खोल, सावकाश वाचायच्या कादंबऱ्या आहेत त्या त्याने कधी वाचायच्या? सुट्टीतच ना? ते दहा दिवसही जर खुनी कोण यात घालवले तर मोठ्या पुस्तकांना आयुष्यात जागाच उरत नाही. हा मुद्दा खरा आहे, मला टोचतो. मी स्वतः पाच-सहा वर्षं याच हिशोबाने प्रत्येक सुट्टीत एक सातशे पानी कादंबरी घेऊन गुहागरला गेलो. दर वेळी ती परत आली ती पानांत वाळू आणि खूण तेविसाव्या पानावर घेऊन.

का होतं असं? आळस म्हणून मी स्वतःला खूप शिव्या घातल्या पण नंतर लक्षात आलं की सुट्टीचा वेळ दिसतो सलग, असतो तुकड्या-तुकड्यांचा. टोलनाक्याची रांग, कोणीतरी आंघोळीला गेलंय तेवढी वीस मिनिटं, पोरं झोपल्यावरचा अर्धा तास, आंब्याच्या पेटीची वाट बघण्यात गेलेली दुपार, आणि मध्येच "अरे चहा झालाय, ये ना, पुस्तक काय घरी नाहीये का." मोठी कादंबरी नोकरीसारखी असते, रोज ठरलेल्या वेळी हजेरी लावावी लागते, कालचा धागा आज हातात यावा लागतो. अशी शिस्त सुट्टीत मोडते, कामाच्या दिवसात ती आपोआप असते. मी आजवर जेवढ्या जाड कादंबऱ्या पुऱ्या केल्या त्या सगळ्या लोकलमध्ये, डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडून, खिडकीची सीट, रोज तासभर जाताना आणि नशीब असेल तर येताना. ना कोणी चहाला हाक मारत ना कोणी समुद्र बघायला ओढत. म्हणून माझा सल्ला बरोबर उलटा आहे, जड पुस्तक जूनपासून कामाच्या दिवसांना द्या आणि मे महिना हलक्याला. ज्यांना सुट्टीत सातशे पानं जमतात त्यांना माझा नमस्कार, ते एकटे फिरतात किंवा त्यांच्या घरचे फार समजूतदार आहेत.

दुसरा आक्षेप पलायनाचा. वाचन माणसाला जागं करण्यासाठी असतं, झोपवण्यासाठी नाही, वगैरे. आता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांसाठी खास पुस्तकं छापली, १९४३ ते १९४७ या काळात १३०० हून जास्त शीर्षकं आणि सगळ्या मिळून १२ कोटींच्या आसपास प्रती, युनिफॉर्मच्या खिशात मावतील अशा आडव्या आकाराच्या. काय होतं त्यात? गुराख्यांच्या मारामाऱ्या, डिटेक्टिव्ह कथा, विनोदी कादंबऱ्या, प्रेमकथा, आणि त्यांच्या बरोबरीने गंभीर साहित्यसुद्धा. मरण समोर असलेल्या माणसाला 'जागं' करायची गरज नव्हती, तो नको इतका जागा होता. आणि याच खटाटोपात 'द ग्रेट गॅट्सबी'च्या दीड लाखाहून जास्त प्रती सैनिकांच्या हातात गेल्या, जे पुस्तक लेखक १९४० मध्ये वारला तेव्हा जवळजवळ विस्मरणात गेलं होतं आणि आज तिकडे शाळेत शिकवतात. म्हणजे सरांचं साहित्यसुद्धा वर आलं ते रहस्यकथांच्या गठ्ठ्यातून. आमच्या बँकवाल्या ताई काही युद्धावर नाहीत हे मान्य, पण मार्चएंड करून आलेल्या माणसाला जागरूकतेचे धडे कशाला?

तिसऱ्या आक्षेपावर मात्र मी मान खाली घालतो. जुन्या हलक्या कादंबऱ्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी घाण आहे. बाई एकतर घाबरून किंचाळणारी नाहीतर सिगरेट ओढणारी आणि म्हणून वाईट. खलनायक दिसायला काळा, त्याची बोली गावंढळ, त्याचा समाज कुठला ते दोन शब्दांत सुचवलेलं. जड पुस्तक वाचताना आपण सावध असतो, लेखकाशी भांडत वाचतो, पण मजेच्या पुस्तकात पहारा ढिला असतो आणि ही असली गोष्ट गुपचूप आत शिरते. खरं आहे. लहानपणी वाचलेल्या काही रहस्यकथा पुन्हा उघडल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. पण हे असं का राहिलं याचा विचार करा. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावं दोन-तीन पिढ्यांच्या तोंडात होती, गुरुनाथ नाईकांची संख्याही हजाराच्या पुढे जाते, आणि एवढ्या प्रचंड लेखनाकडे आपल्या समीक्षेने बघितलं किती? फडके-खांडेकरांवर जेवढी शाई वाहिली त्याच्या थेंबभर तरी? नाक मुरडून बाजूला सरलात की वाईटाला वाईट म्हणणारा कोणी उरत नाही, आणि चांगल्याला चांगलं म्हणणाराही. ज्या पोळीची चव कोणी घेतच नाही ती करपली हे सांगणार कोण? म्हणजे घाणीचा दोष काही अंशी नाक मुरडणाऱ्यांच्या खात्यावरही जातो.

आणि बाजाराचा मुद्दा, की हलक्या पुस्तकांमुळे चांगल्या पुस्तकांचा वाचक पळतो. हा तर प्रयोग करून झालाय. गल्लोगल्लीच्या त्या छोट्या लायब्रऱ्या, जिथे महिन्याला किरकोळ फी भरून रोज एक पुस्तक बदलता यायचं, त्या टीव्ही घरोघरी आल्यावर एकेक करून बंद पडल्या. दर महिन्याला निघणाऱ्या रहस्यकथा संपल्या. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले, भयकथावाले नारायण धारप २००८ मध्ये, त्यांच्यासारखं सतत आणि भरपूर लिहिणारं नंतर कोण हे पटकन सांगता येत नाही. सरांच्या हिशोबाने आता गंभीर कादंबरीचा सुवर्णकाळ यायला हवा होता, मैदान मोकळं होतं. आला का? हजार प्रतींची आवृत्ती संपायला तेव्हाही वर्षं लागायची, आताही लागतात. हलक्याचा वाचक जडाकडे वळलाच नाही, तो इंग्रजी थ्रिलरकडे गेला, सीरियलकडे गेला, फोनकडे गेला, आणि जाताना मराठी वाचायची सवय घरी ठेवून गेला.

आता 'काहीही वाचू दे' म्हणणाऱ्या त्या मुलाकडे वळतो, कारण त्याचा मुद्दा गोड वाटतो म्हणून जास्त धोक्याचा आहे. हॉटेलात गेल्यावर हा मुलगा काहीही खात नाही, अर्धा तास रिव्ह्यू वाचतो. शूज घेताना काहीही घेत नाही. मग पुस्तकालाच काहीही का? कारण आतून त्यालाही वाटतं की त्यात निवडण्यासारखं काही नसतं. वाईट हलकी कादंबरी ही वाईट जड कादंबरीपेक्षा जास्त वाईट असते हे माझं पक्कं मत आहे, कारण जड पुस्तक रटाळ झालं तर वाचक स्वतःलाच दोष देतो, आपली कुवत कमी म्हणतो, पण मजेचं पुस्तक मजा देत नसेल तर त्याच्याकडे दुसरं आहे काय? आणि सुट्टीत बदलून आणायची सोय नसते. एकच पुस्तक नेलंय आणि ते पन्नासाव्या पानावर मेलं तर उरलेले सहा दिवस तुम्ही फोन बघणार.

मी कसं निवडतो ते सांगतो, पटलं तर घ्या. पहिलं पान वाचत नाही, ते सगळेच घासूनपुसून लिहितात, चाळिसावं उघडतो, तिथेही गोष्ट चालत असेल तर ठीक. सुरुवातीला वंशावळ छापली असेल तर ते पुस्तक घरी ठेवतो, समुद्रकिनाऱ्यावर कोण कोणाचा चुलत सासरा हे लक्षात राहत नाही. प्रकरणं लहान हवीत, चहाची हाक आली की कुठेतरी सोडता आलं पाहिजे, आणि चहा पिताना मन पुस्तकात राहिलं पाहिजे, ही खरी कसोटी. अनुवाद असेल तर दोन संवाद मोठ्याने वाचून बघतो, माणसं वाक्यावाक्याला खांदे उडवत असतील आणि एकमेकांना 'ओह माझ्या देवा' म्हणत असतील तर परत कपाटात. धारप घेतले तर मुक्काम कुठे आहे ते आधी विचारतो, जुन्या वाड्यात माडीवर झोपायचं असेल तर माझी हिंमत होत नाही. घाटात वाचायचं नाही, वरंधा असो की कुंभार्ली, हा नियम पुस्तकासाठी नसून गाडीच्या सीट कव्हरसाठी आहे. आणि शक्यतो असं पुस्तक न्यायचं जे बरोबरचं कोणीतरी पळवेल. पळवापळवी झाली, "माझी खूण कोणी काढली" म्हणून भांडण झालं, की निवड जमली.

आणि जड-हलकं हे कप्पे इतके पक्के नसतातच. नेमाड्यांची 'कोसला' मी बारावीच्या सुट्टीत वाचली ती मामाने हसून हसून मला त्यातले उतारे ऐकवले म्हणून. पुढे कॉलेजात कळलं की ती थोर आणि अस्वस्थ करणारी वगैरे आहे. ती आहेच, पण आधी मी गादीवर लोळत हसलो होतो आणि ते हसणं नसतं तर पुढची अस्वस्थता माझ्यापर्यंत पोचलीच नसती. सरकारने ४ मे २०१७ ला भिलारला पुस्तकांचं गाव सुरू केलं, पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत, घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं ठेवून. मे महिना, थंड हवेचं ठिकाण, फिरायला आलेला माणूस. सुट्टीतला वाचक हा वाचकच असतो हे सरकारला कळलं, आमच्या चार कपाटांच्या कमिटीला कळेना.

पुढच्या मीटिंगला मी हे सगळं बोलणार नाहीये, बोललो तर पार्किंगचा विषय राहील. आठ हजारांतले निम्मे हलक्यांसाठी मागणार आहे आणि निवडायचं काम त्या ताईंना आणि सरांना मिळून द्या असं सुचवणार आहे. सरांना रहस्यकथा येत नाहीत असं मला वाटत नाही, त्यांनी काळा पहाडचं नाव घेताना जरा जास्तच सफाईने घेतलं.

गेल्या मे महिन्यात गुहागरला जिथे उतरलो होतो तिथल्या फळीवर एक जुनी रहस्यकथा सापडली, कुठल्यातरी बंद पडलेल्या लायब्ररीचा शिक्का, कव्हर गेलेलं. बाराव्या पानावर समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, "खुनी डॉक्टर आहे." लायब्ररीच्या पुस्तकांत हा आचरटपणा नेहमीचा. मी चरफडत तरी वाचत राहिलो, प्रत्येक पानावर त्या डॉक्टरकडे संशयाने बघत, त्याने औषधाची बाटली उचलली की हा बघ, त्याने खिडकी लावली की हा बघ. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटच्या प्रकरणात कळलं की डॉक्टरचा काही संबंध नाही. तिथे समासात त्याच पेन्सिलीने, त्याच अक्षरात लिहिलं होतं, "कसं फसवलं?"